बलाढ्य पात्राला मैदानात प्रवेश असावा काय?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा त्यांच्यापैकी एका ज्येष्ठ सद्‌गृहस्थांनी चष्मा काढून पुसला व परत डोळ्यांवर ठेवला. ते काही बोलले नाहीत. पण त्यांच्या मनातले मला कळले. ज्या मंचावर तत्त्वज्ञान, इतिहास आणि शेतीचे अर्थकारण यांवर बोलायचे, तेथे हा मनुष्य मुलांच्या पडद्यावरच्या खेळांविषयी बोलणार! आपल्यापैकी अनेकांच्या मनात हीच शंका असेल. तिचे निरसन मी प्रारंभीच करतो. मला बोलायचे आहे ते न्यायाविषयी. खेळ हे केवळ निमित्त. आणि न्यायाचा प्रश्न खेळात जितका उघडावाघडा दिसतो तितका क्वचितच कोठे दिसतो.

शिवाय हे खेळ आता केवळ मुलांचे खूळ राहिलेले नाहीत. 2023 साली चीनमधील हांगझाऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्यांत या खेळांना पदके होती. आपल्या संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, पण कौशल्याच्या स्पर्धांना, ज्यांना ई-स्पोर्ट्स म्हणतात त्यांना, मान्यता दिली. म्हणजे कायद्यानेही जुगार वेगळा आणि खेळ वेगळा मानला. मग खेळ म्हटला की नियम आले, नियम आले की तंटा आला, आणि तंटा आला की पंच आलाच.

मी तीस वर्षे शिक्षक होतो, आणि जवळजवळ तितकीच वर्षे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील गावोगावच्या कबड्डीच्या सामन्यांत पंच म्हणून शिट्टी फुंकली. याच कारणाने गेल्या दिवाळीच्या सुटीत एके संध्याकाळी सात-आठ तरुण माझ्या ओसरीवर येऊन उभे राहिले. निम्मे इथले, निम्मे अकोल्याचे. त्यांनी येथे एका सभागृहात आपापसांत स्पर्धा भरविली होती. प्रवेशफी जमवून पहिल्याला एक ढाल ठेवली होती. आणि स्पर्धा संपल्यावर ढाल कोणाला द्यायची यावर अशी जुंपली की, दोन गावांची मैत्री तुटायची वेळ आली.

प्रकरण असे होते. त्यांचा खेळ दोघांच्या द्वंद्वाचा. कॅपकॉम या जपानी कंपनीने 1994 साली काढलेला, ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो’ नावाचा. जुना झाला तरी त्याचे चाहते जगभर आहेत. त्यात सोळा लढवय्ये आहेत. खेळणाऱ्याने त्यांतला एक निवडायचा आणि त्याच्या हातापायांनी लढायचे. कोणी चपळ, कोणी जड, कोणी दुरून अग्निगोल फेकणारा, कोणी जवळ येऊन कुस्तीचा डाव टाकणारा. प्रत्येकाचे बळ निराळे, प्रत्येकाचे वैगुण्य निराळे. पण या सोळांच्या मागे एक सतरावा दडलेला आहे. त्याचे नाव अकुमा. तो निवडीच्या पडद्यावर दिसत नाही. ठरावीक क्रमाने खुणेची बटणे दाबली तरच हाती येतो. आणि त्याचे सामर्थ्य असे की, तो उडी मारून हवेतूनच तिरपा अग्निगोल खाली फेकतो. बाकीचे सोळा एकमेकांना उत्तर देतील अशा बेताने घडविलेले. या हवेतल्या माऱ्याला मात्र त्यांच्या भात्यात पुरेसे उत्तरच ठेवलेले नाही.

अकोल्याच्या एका मुलाने हा अकुमा घेतला आणि एकामागून एक सगळे लोळविले. अमरावतीकर म्हणाले, हा विजय आम्हाला मान्य नाही. मी त्या मुलाला विचारले, “तुझे म्हणणे काय?” तो ताठ उभा राहून म्हणाला, “म्या काही चोरी केली का, सर? थो खेळातच आहे. यायनंबी घ्यावा, म्या कोणाले अडवलं?”

मंडळी, हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. जे शस्त्र त्याला उपलब्ध होते तेच प्रत्येकाला होते. हरल्यावर नियम आठवणारे लोक मी कबड्डीच्या मैदानावर पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. त्यामुळे माझा पहिला कौल मनातल्या मनात त्या मुलाकडेच होता.

इतक्यात मागे उभा असलेला एक अबोल मुलगा पुढे आला. त्याने त्या सोळांपैकी झांगीफ नावाचा रशियन पैलवान निवडला होता. हा पैलवान दुरून काही करू शकत नाही; मार खात खात जवळ सरकायचे, आणि एकदा का पकड मिळाली की उचलून आपटायचे. आपल्या वऱ्हाडातल्या मुलाला पैलवानाचे पात्र आवडावे यात नवल नाही. चार महिने तो रोज कॉलेजहून आल्यावर हाच सराव करीत होता. अकुमासमोर त्याला जवळ सरकणेच शक्य झाले नाही. तो एवढेच म्हणाला, “मंग म्या शिकलो कशाले, सर?”

या प्रश्नाने मी अडखळलो. एक म्हणतो, मी कोणाला अडविले? दुसरा म्हणतो, मी शिकलो कशाला? दोघेही खरे बोलत होते. आजचे माझे व्याख्यान म्हणजे या दोन प्रश्नांमधली वाट शोधण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. गामा पैलवानाचे नाव आपणांस ठाऊक आहे. 1910 साली तो लंडनला गेला, आणि पुढे 1928 मध्ये पतियाळ्यास त्याने झिबिस्को या पोलिश मल्लाला मिनिटाच्या आत चीत केले. त्याला जोड मिळणे कठीण होते. म्हणून कोणी गामाला आखाड्यात येण्याची बंदी केली काय? नाही, आणि केली असती तर ती बंदी नव्हे, मत्सर ठरला असता. कारण गामाचे बळ गामाच्या घामातून आले होते. आखाड्यात वजनाचे गट पाडतात, कबड्डीत वजनाची मर्यादा घालतात, ती तुल्यबळांची गाठ पडावी म्हणून. कोणाच्या मेहनतीला शिक्षा म्हणून नव्हे. अकुमाचे बळ मात्र खेळणाऱ्याच्या घामातून आलेले नाही. ते कारखान्यातून आले आहे. म्हणून बलाढ्य खेळाडूला रोखणे आणि बलाढ्य साधनाला रोखणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली जवळजवळ नेहमीच अन्याय्य. दुसरीचा विचार करावा लागतो.

साधनाला रोखल्याचे एक जुने उदाहरण देतो. 1771 च्या सप्टेंबरात इंग्लंडात चर्टसी आणि हॅम्बल्डन या संघांत क्रिकेटचा सामना झाला. चर्टसीचा टॉमस व्हाइट नावाचा फलंदाज यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन मैदानात आला. त्या काळी रुंदीचा नियमच नव्हता. तेव्हा त्यानेही कोणता नियम मोडला नव्हता. पण चेंडू यष्टीला लागणारच नसेल तर गोलंदाजाने टाकायचा कशाला? हॅम्बल्डनकरांनी लगेच नियम लिहिला की, बॅट सव्वाचार इंचांहून रुंद असू नये. आज अडीचशे वर्षांनंतरही तीच मर्यादा चालू आहे. आणि यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, तो सामना हॅम्बल्डननेच एका धावेने जिंकला होता. नियम मागणारे हरलेले नव्हते, जिंकलेले होते. आपली तक्रार हरल्याची आहे की खेळाची आहे हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही: आपण जिंकलो असतो तरी हीच तक्रार केली असती काय?

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण पाहा. बुद्धिबळातला वजीर पूर्वी अगदी दुबळा मोहरा होता. तिरपे एक घर, एवढीच त्याची चाल. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची सर्वसंचारी चाल मिळाली. तेथे या मोहऱ्याला राणी म्हणतात. आणि ती इतकी बेफाम झाली की नव्या खेळाला लोक ‘वेड्या राणीचे बुद्धिबळ’ म्हणू लागले. तेव्हाही कोणी जुन्या वळणाचा गृहस्थ म्हणाला असेल की, या एका मोहऱ्याने खेळाचा नाश केला. पण नाश झाला नाही. काही पिढ्यांत जुनाच खेळ मागे पडला. का? कारण ती दोन्ही बाजूंना सारखी मिळत होती, आणि घोडा, उंट, हत्ती, प्यादी या सगळ्यांना तिच्याशी झुंजण्याचे, तिला कोंडीत धरण्याचे नवे उद्योग मिळाले. तिने बाकीच्यांचे काम काढून घेतले नाही, वाढविले. तात्पर्य, बलाढ्य असणे हा स्वतः काही गुन्हा नाही.

आणि आता घरच्या मैदानावर येऊ. कबड्डीत तर हा प्रश्न शंभर वर्षांचा आहे. आपल्या अमरावतीत 1914 साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेले आणि तेथे त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या काळापर्यंत कबड्डी एक नव्हती. संजीवनी, गामिनी, अमर असे तिचे प्रकार होते. यांतला फरक पाहा. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येतो. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजतात. म्हणजे तोच बलाढ्य चढाईपटू घ्या: गामिनीत एकदा धरला गेला की संपला, संजीवनीत तो पुनःपुन्हा उठून येणार. गड्याचे बळ तेच. पण ते किती भारी पडावे हे नियम ठरवितो. पुढे संजीवनीच्या अंगाने आजची कबड्डी घडली, आणि 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तिला पदकाचा मान मिळाला.

मग संजीवनीतला हा बलाढ्य चढाईपटू आवरायचा कसा? त्याला बंदी करून नव्हे. अलीकडे व्यावसायिक कबड्डीत जो नियम आपण पाहतो, त्याप्रमाणे मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता त्यांनी चढाईपटूची पकड केली, तर त्यांना एक गुण अधिक मिळतो. हीच ती अव्वल पकड. बलवानाचे बळ कापण्याऐवजी दुबळ्याच्या हाती हत्यार दिले. पंच म्हणून मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. बंदी हा शेवटचा उपाय. त्याआधी उत्तर निर्माण करता येते का ते पाहावे.

त्या मुलांच्या खेळात असे उत्तर निर्माण करता येत होते काय? नव्या खेळांत येते. ‘फ्री फायर’ हा खेळ आपल्या गावागावांत मोबाइलवर खेळला गेला. त्यात 2020 च्या अखेरीस क्रोनो नावाचे एक पात्र आले. ते आपल्याभोवती गोळ्या न लागणारे कवच उभारीत असे. त्याचा इतका बोभाटा झाला की, 2021 मध्ये खेळ बनविणाऱ्यांनीच त्याची शक्ती एकाहून अधिक वेळा कमी केली. पुढे 2022 च्या फेब्रुवारीत तो मूळ खेळच सरकारने बंद केला, पण त्याचे कारण वेगळे होते. क्रोनोच्या बाबतीत आणखी एक मेख होती: असली पात्रे पैसे मोजून घ्यावी लागत. जेथे बळ विकत मिळते, तेथे “मी कोणाला अडविले?” हे उत्तर चालणार नाही, ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो अडलेलाच असतो. अकुमाचे तसे नव्हते, तो सर्वांना फुकट होता. पण 1994 चे ते यंत्र एकदा बंद करून विकलेले. त्याची शक्ती आता कोणी कमी करणार नव्हते. उपाय असेल तर तो खेळणाऱ्यांच्याच हाती होता.

जगाने काय केले? अमेरिकेतल्या स्पर्धांत अकुमाला बंदी झाली. जपानात लेखी बंदी न घालताही खेळाडूंनी आपसूकच त्याला बाजूला ठेवले. दोन समाज, दोन रीती, निकाल एक. आणि तो टिकला, कारण सर्वांना मनापासून पटला होता.

जेथे पटला नाही तेथे काय झाले तेही सांगतो. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ या 2008 च्या खेळात मेटा नाइट नावाचे पात्र असेच भारी होते. तीन-साडेतीन वर्षे वाद चालला. शेवटी अमेरिकेतल्या एका नियम समितीने जाहीर केले की, 2012 च्या जानेवारीपासून त्याला बंदी. पण त्याच महिन्यात न्यू जर्सीत जी मोठी स्पर्धा झाली, तिच्या चालकांनी ती बंदी मानली नाही. आणि जपानहून आलेला एक खेळाडू तेच पात्र घेऊन पहिला आला. त्या बंदीचा मग काही महिन्यांत बोजवारा उडाला. एका गावात बंदी आणि शेजारच्या गावात मोकळीक, असा नियम म्हणजे नियम नव्हे. गावाला एक आणि शिवारात दुसरे असे माप ठेवले की बाजार बसतो.

या सगळ्याचा विचार करून मी त्या मुलांसमोर चार प्रश्न ठेवले. पहिला: या पात्राला खेळात कोठे उत्तर आहे का, आणि ते शोधायला तुम्ही पुरेसा वेळ दिला का? दुसरा: ज्याला जिंकायचे आहे त्या प्रत्येकाला हेच एक पात्र घ्यावे लागेल, अशी स्थिती आहे का? तिसरा: तुमची बंदी रेघ मारल्यासारखी स्पष्ट आहे का? “अकुमा घ्यायचा नाही” हा नियम पंचाला राबविता येतो. “अकुमा घ्या, पण फार त्रास देऊ नका” हा नियम देवालाही राबविता येणार नाही. आणि चौथा: अमरावती व अकोला, दोघेही तो पाळणार आहात का?

त्यांनी आपसांत तासभर चर्चा केली. तीस वर्षे जगभरच्या पट्टीच्या खेळाडूंनी शोधूनही पुरेसे उत्तर सापडलेले नाही, हे त्यांनाच माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. सोळांच्या जागी एकच उरतो, हेही त्यांनी कबूल केले. ठरले: पुढच्या वेळेपासून अकुमा बाहेर.

मग प्रश्न ढालीचा. अमरावतीकरांना वाटत होते की, बंदी मान्य झाली म्हणजे ढाल परत आली. मी म्हणालो, नाही. ढाल अकोल्यालाच जाईल. सामना ज्या नियमांनी खेळला गेला, त्याचा निकालही त्याच नियमांनी लागला पाहिजे. नियम उद्यासाठी करता येतो, कालच्यासाठी नाही. हॅम्बल्डनकरांनी नियम लिहिला, पण व्हाइटच्या आधीच्या धावा पुसल्या नाहीत. माझ्या गावची मुले त्या रात्री माझ्यावर रुसून गेली. एकाने तर वाटेत भेटल्यावर महिनाभर नमस्कार केला नाही. पंचाला हे सोसावे लागते.

दुसरी स्पर्धा अकोल्याला संक्रांतीनंतर झाली. मला आग्रहाने बडनेऱ्याहून गाडीत बसवून नेले. तो अकोल्याचा मुलगा या खेपेस दुसरे पात्र घेऊन खेळला व उपान्त्य फेरीत हरला. चहाच्या वेळी तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “सर, उद्या म्या याहीले घेऊन जिंकलो, तं यालेबी बाहेर काढसान का?”

आजच्या व्याख्यानातला सर्वांत अवघड प्रश्न हा आहे, आणि तो मला एका एकोणीस वर्षांच्या मुलाने विचारला. शेंड्यावरचा छाटला की त्याच्याखालचा शेंडा होतो. मग तोही छाटायचा काय? छाटत छाटत कोठे थांबायचे?

जमावाचा राग हे माप धरले तर कोठेच थांबता येत नाही. 2018 साली अमेरिकेत लास व्हेगासला याच स्मॅश ब्रदर्स मालिकेतील पुढच्या खेळाचा अंतिम सामना झाला. दोन्ही खेळाडूंनी बेयोनेटा नावाचे एकच बलाढ्य पात्र घेतले, आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. स्पेनमधल्या खेळाडूंनी त्या पात्राला 2016 मध्येच बंदी केली होती. या स्पर्धेत ती नव्हती. हुर्यो ही तक्रारीची खूण आहे, पुरावा नव्हे. पंचाने ती ऐकावी, पण तिच्यावरून निकाल देऊ नये.

मी त्या मुलाला आपल्या शेतातली गोष्ट सांगितली. कपाशीच्या वावरात निंदण करणारी बाई उंच झाड दिसले की उपटते काय? एखादे झाड शेजारच्या झाडांपेक्षा हातभर वाढले, त्याला बोंडे अधिक लागली, तर ती त्याला हातही लावीत नाही. कोठे तरी एक झाड सगळ्यांत उंच असणारच. ती उपटते ते गाजरगवत. कारण ते जेथे पसरते तेथे दुसरे काही वाढू देत नाही. म्हणून विचारायचे ते एवढेच: याच्या आसपास दुसरे काही उगवते का? उगवत असेल, तर तो कितीही बलाढ्य असो, त्याला राहू द्यावे, आणि आपण अधिक सराव करावा. उगवत नसेल, तर त्याला काढावे. आणि काढल्यावर विळा खाली ठेवावा.

“मंग मले घेऊ देसान ना?” त्याने विचारले. मी म्हटले, “तू तो घेऊन आज हरलास की नाही? म्हणजे उत्तर देणारा कोणी तरी आहे. खुशाल घे.” तो हसला.

त्याला हरविले होते कोणी, हे सांगायचे राहिले. त्या अबोल मुलाने. चार महिन्यांचा सराव आता सात महिन्यांचा झाला होता. मार खात खात त्याचा पैलवान जवळ सरकला, आणि एकदा पकड मिळाल्यावर त्याने ती सोडली नाही. अंतिम सामन्यात मात्र तोही हरला, अकोल्याच्याच दुसऱ्या एका मुलाकडून. ढाल अजून अकोल्यालाच आहे. अमरावतीकर सध्या सराव करीत आहेत, आणि माझ्या मते तक्रारीपेक्षा तो उद्योग बरा.

 चष्मा पुसणाऱ्या सद्‌गृहस्थांना माझा नमस्कार.